जुगाराच्या शहरात दोन वरमाला

डिसेंबरात लास व्हेगासला जाणार असाल तर शाल न्या. एक नको, दोन न्या. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगते.

वाळवंट म्हटल्यावर आमच्या घरात सगळ्यांच्या डोळ्यांपुढं एकच गोष्ट आली, ऊन. माझी जाऊ म्हणाली, "सुती साड्याच घे. कोकम घे. आन् पिशवीत एक कांदा ठेव. ऊन लागलं तर तिथं कोण हाय तुला बघायला?" कांदा मी घेतला नाही, कारण विमानतळावर कांद्याला काय म्हणतील याची भीती वाटली. बाकी सगळं घेतलं. सहा सुती साड्या, एक पातळ स्वेटर, खोबरेल तेलाची बाटली आणि एका डबीत कापसात गुंडाळलेल्या पाच लांब सुया. त्या सुयांसाठीच तर मी निघाले होते.

आम्ही नाशिकचे फुलवाले. मखमलाबादकडं दीड एकरात झेंडू आणि शेवंती, आणि गोदावरीच्या, म्हणजे आमच्या गंगेच्या काठी बाजारात आमची बसायची जागा. सातवीनंतर माझी शाळा सुटली. कोणी काढली नाही. पहाटे फुलं तोडायची, ओवायची, विकायची आणि मग वर्गात जाऊन बसायचं, तर डोळे मिटायचे. एक दिवस गेलेच नाही. कोणी विचारायलाही आलं नाही, मग दुसऱ्या दिवशीही गेले नाही. आजही कुठं फॉर्म भरायचा म्हटलं की माझ्या तळहाताला घाम येतो.

आमच्या जागेसमोर एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. वीस वर्षं त्यांच्या देव्हाऱ्याचा हार माझ्याकडून जातो. त्यांची मुलगी शाळेतून आली की बाई मोकळ्या होईपर्यंत माझ्या गोणपाटावर येऊन बसायची. मी तिला ओवायला शिकवलं, तिनं मला इंग्रजी अक्षरं जोडून वाचायला शिकवलं. आमच्या दोघींत शिकण्यात ती हुशार निघाली. शिकत शिकत अमेरिकेत गेली, तिथंच नोकरीला लागली आणि तिथलाच मुलगा पसंत केला. लग्नही तिथंच करायचं ठरलं. एक दिवस तिचा फोन आला.

"मावशी, वरमाला तू करायच्या."

"करते की. पाठवायच्या कशा तेवढं सांग."

"पाठवायच्या नाहीत. तू यायचं. इथले लोक हाराला दोरा नाही, तार लावतात. टोचतात गं ते."

मी हसले. पण तिनं खरंच तिकीट पाठवलं. व्हिसाच्या खिडकीवर साहेबानं विचारलं, काम काय करता? म्हटलं, फुलं ओवते. तो म्हणाला, कसं? मला इंग्रजी येत नव्हतं, मराठीही त्या वेळी सुचेना. मग मी हवेतच सुई धरली, हवेतच फूल घेतलं आणि ओवून दाखवलं. पाचवं फूल ओवेपर्यंत त्यानं शिक्का मारला होता.

ओझरला विमानं बनतात. आमच्या शेतावरून ती जाताना लहानपणापासून बघितली. आत बसायची ही पहिलीच वेळ. सगळा प्रवास मी एकच गोष्ट मनात घोकत होते. एवढं तिकीट, एवढा मान, कशासाठी? दोन हारांसाठी. ते दोन हार बिघडले तर मी तिथं कशाला गेले?

विमानातून उतरलं की तिथं सामान घ्यायच्या आधी जुगाराची यंत्रं दिसतात. मला वाटलं तिकिटं काढायची असतील. एक आजी शांतपणे बसून बटण दाबत होती. बाहेर आले आणि असा वारा अंगावर आला की निफाडची थंडी आठवली. नवरी, म्हणजे आमची मुलगी, धावत येऊन गळ्यात पडली. माझ्या पायाकडं बघून म्हणाली, "मावशी, मोजे?"

"वाळवंटात मोजे कोण घालतं?"

"सगळे," ती म्हणाली, आणि स्वतःचा कोट माझ्या अंगावर टाकला.

तर तुम्ही गेलात तर काय काय होईल ते ऐका. दुपारी ऊन इतकं गोड असतं की अंगणात पापड वाळवावेसे वाटतात, आणि साडेचार-पाचला सूर्य डोंगराआड गेला की कोणी दिवा फुंकावा तशी ऊब विझते. डोंगरावर बर्फ दिसतो, खाली खजुराची झाडं. खोबरेल तेल बाटलीत दगड होतं. ओठ फुटतात, तूप लावत राहायचं. हवा एवढी कोरडी की दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो. पहिल्या दिवशी मी ओरडले, "अहो, दारात करंट आलाय! वायरमनला बोलवा!" लग्नासाठी आधीच पोचलेल्या डॉक्टरीणबाई पोट धरून हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनाच बसला, तेव्हा मी हसले.

हॉटेलं समोर दिसतात, म्हणून चालायला लागायचं नाही. ती एवढी मोठी आहेत की तास चाललं तरी समोरच राहतात, आपल्या पांडवलेणीच्या डोंगरासारखी. आत गेलं की घड्याळ नाही, खिडकी नाही, पायाखाली गालिचा एवढा रंगीत की पडलेलं फूल शोधून सापडायचं नाही. एका ठिकाणी छताला आभाळ रंगवलंय, ढगांसकट. मी मान वर करून कुठं पोपडा निघालाय का ते बघत होते. कुठंच नव्हता. असा रंगारी आपल्याकडं मिळत नाही.

आमच्यासोबत नवरदेवाचे वडील होते. साठीचे, उंच, पांढऱ्या मिशांचे. मी त्यांना व्याहीबुवा म्हणायला लागले आणि त्यांना ते एवढं आवडलं की ते स्वतःच छातीवर हात ठेवून "व्याईबुआ" म्हणायचे. त्यांनी एका यंत्रासमोर मला खुर्ची दिली. एकदा खेळून बघा, अशी खूण केली.

मी म्हटलं, "व्याहीबुवा, मी फुलवाली आहे. दसऱ्याला झेंडूला काय भाव निघतो हे बघायला मी दर वर्षी बसते. मला अजून जुगार कशाला?"

नवरीनं ते इंग्रजीत सांगितलं. व्याहीबुवा एवढे हसले की शेजारच्या यंत्रावरची बाई दचकली.

परत येताना रस्त्यावर एक दुकान दिसलं. लग्नाचं दुकान! गाडी खिडकीशी लावायची, आतला माणूस मंत्र म्हणतो म्हणे, अंगठी घालायची, गाडी सुरू करायची. उतरायचंही नाही. शेजारी फुलांचं दुकान, रात्रंदिवस उघडं. मी कपाळावर हात मारला. "अगं, वडापाव घेतात का लग्न करतात?" या गावाला लग्नातलं काही कळत नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं. हे लक्षात ठेवा, कारण हे बोलणं मला महागात पडायचं होतं.

आमचा मुक्काम हॉटेलात नव्हता. गावाच्या कडेला, लाल डोंगरांच्या पायथ्याशी, मागं अंगण असलेलं घर भाड्यानं घेतलं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी फुलांची खोकी आली. झेंडू, लाल गुलाब, थोडी पांढरी फुलं. खोकं उघडल्यावर झेंडूचा वास आला आणि चार दिवसांत पहिल्यांदा मी सुयांची डबी उघडली. स्वयंपाकघरात चादर अंथरली. डॉक्टरीणबाई, नवरी आणि मी, तिघी बसलो. बाईंनी आयुष्यभर टाके घातलेले, पण फूल ओवताना दर वेळी देठातून सुई बाहेर.

"बाई, पेशंट मरेल असं."

"गप गं. तू मला इंजेक्शन देऊन दाखव आधी."

नवरी लहानपणासारखी माझ्या डाव्या बाजूला बसली होती आणि एक फूल सरळ, एक उलटं, बरोबर ओवत होती. विसरली नव्हती. व्याहीबुवा मध्येच येऊन गळून पडलेल्या पाकळ्या वेचत आणि वाटीत ठेवत. त्यांना वाटत होतं त्याही लागणार. म्हटलं, लागतील. माणसाला काम हवं.

दोन वरमाला झाल्या, जाड, गुडघ्यापर्यंत. मंडपाचं तोरण झालं. चार-पाच गजरे झाले. सगळ्यावर पाणी शिंपडून मी ते ओल्या फडक्यात गुंडाळले आणि टोपल्या उचलून मागच्या दाराकडं निघाले.

"बाहेर ठेवतेस?" बाईंनी विचारलं. "आत ठेवू की. फ्रीज आहे मोठा."

"फ्रीजमधलं फूल मंडपात गेलं की मान टाकतं, बाई. दवाला ठेवलेलं फूल सकाळी तोडल्यासारखं असतं. माझी आई ठेवायची, तिची आई ठेवायची. फुलाला घरातली हवा सोसत नाही."

हे मी जरा ठसक्यात बोलले. सगळ्या प्रवासात हीच एक गोष्ट होती जी मला तिथल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होती. अंगणातल्या टेबलावर टोपल्या ठेवल्या, वरून ओलं फडकं नीट दाबलं आणि निवांत झोपले.

सकाळी उजाडायच्या बेताला मागचं दार उघडलं. फडक्याला हात लावला तर ते पापडासारखं कडक. ओढलं तर हारासकट उचललं गेलं. झेंडूवर काचेसारखा थर. एक फूल चिमटीत धरलं, तर आतून मऊ, काळपट, शिजवल्यासारखं. गुलाब तपकिरी पडले होते.

मी तिथंच पायरीवर बसले. वाळवंटात दव कुठून पडणार, एवढं साधं मला सुचलं नव्हतं. निफाडला पारा उतरला की द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात, हे मी जन्मभर बघितलेलं. आणि मीच फुलांवर पाणी शिंपडून त्यांना उघड्यावर निजवलं होतं. लग्न साडेअकराला. मला रडूही येईना. एकच डोक्यात, बाईंना तोंड कसं दाखवू.

व्याहीबुवा कॉफीचा कप घेऊन बाहेर आले. टोपलीत बघितलं, माझ्याकडं बघितलं. खिशातून फोन काढून त्यात काहीतरी बोलले. फोनमधली बाई मराठीत म्हणाली, "फुले मृत आहेत का?"

मी मान हलवली.

ते पुन्हा बोलले. फोनमधली बाई म्हणाली, "कृपया कोट परिधान करा. मी तुम्हाला वाहून नेतो."

तेवढ्यात बाई उठून आल्या. मी हात जोडले. "बाई, चुकलं माझं. तुम्ही म्हणत होता."

बाईंनी हार उचलला, वास घेतला. रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "वीस वर्षांत एकदा हार बिघडला. माझी औषधं याच्यापेक्षा जास्त चुकली असतील. जा आता. सुया घेतल्यास का?"

सुया मी घेतल्या होत्या. एक मेलेली वरमाला पण मांडीवर घेतली, का ते माहीत नाही. टाकवेना. व्याहीबुवांनी गाडी काढली, आणि मी काचेतून बघते तर गाडी थांबली त्याच दुकानासमोर. वडापाववालं लग्नाचं दुकान आणि शेजारचं फुलांचं. सकाळी सात वाजता अख्ख्या गावात फुलांचं दार उघडं असेल तर इथंच. लग्नातलं काही कळत नसलेलं गाव!

आत माझ्याच वयाची एक बाई होती, ठेंगणी, केसांत पेन्सिल खोचलेली. मेक्सिकोची, असं व्याहीबुवांनी फोनमार्फत सांगितलं. तिनं माझ्या मांडीवरचा, म्हणजे आता हातातला हार बघितला आणि छातीवर हात ठेवला. झेंडू कुरवाळून काही बोलली. फोनमधली बाई म्हणाली, "हे माझ्या आईचे फूल आहे." त्यांच्याकडं वर्षातून एकदा गेलेल्या माणसांसाठी घरात झेंडू मांडतात म्हणे, वाटेवर पाकळ्या पसरतात, म्हणजे आत्म्याला घर सापडतं. मी म्हटलं, आमच्याकडं दसऱ्याला दाराला. तिनं मान डोलावली, जसं काही दोघी एकाच बाजारात बसतो.

झेंडू तिच्याकडं संपला होता. पण तिनं मागचं मोठं कपाट उघडलं. फ्रीज होता तो, माणूस आत जाईल एवढा. मी आत पाऊल टाकलं आणि मला बाहेरच्यापेक्षा ऊब लागली! त्या गावात हिवाळ्यात फुलं फ्रीजमध्ये ठेवतात ती थंडीपासून वाचवायला. आत पांढऱ्या शेवंतीच्या बादल्या होत्या. शेवंती! आणि लाल कार्नेशनची फुलं, आमच्याकडं पॉलिहाऊसवाले लावतात तशी. मला एवढं भरून आलं की मी त्या बाईचा हातच धरला.

तोरण-गजऱ्यांना वेळ नव्हता; वरमालांसाठी जमिनीवर पुठ्ठा टाकून आम्ही दोघी बसलो. ती माझ्या सुईकडं बघायची, मी तिच्या गाठीकडं. तिची गाठ वेगळी, दोनदा फिरवून आत घ्यायची. मजबूत होती. दुसऱ्या हाराला मी तिचीच गाठ मारली. व्याहीबुवा देठ तोडून देत होते आणि दर पाच मिनिटांनी मनगटावरचं घड्याळ दाखवत होते. या गावात एवढं एकच घड्याळ मला दिसलं.

साडेनऊला दुसरी माला संपत आली, तर दारात एक जोडपं. मुलगी स्वेटरमध्ये, मुलगा मोठी हॅट घालून. लग्नाच्या खिडकीला चालले होते, एक छोटा गुच्छ हवा होता. मुलीनं आमच्या माला बघितल्या आणि तिथंच उभी राहिली. दुकानवाल्या बाईनं माझ्याकडं बघितलं. व्याहीबुवांनी घड्याळ दाखवलं. मी पण बघितलं. उरलेली शेवंती बादलीत होती.

"दहा मिनिटं, व्याहीबुवा," मी मराठीतच म्हटलं. त्यांना कळलं.

ती एक बाजूनं, मी एक बाजूनं, दोन आखूड हार ओवले. मुलाला हॅट काढायला लावली. एकमेकांच्या गळ्यात घाला, अशी खूण केली. घातले. मुलगी रडायला लागली, मुलगा हसायला लागला, मी टाळ्या वाजवल्या आणि टेबलावरच्या पाकळ्या अक्षता म्हणून टाकल्या. तिथं दुसरं काही नव्हतं. मग ते गाडीत बसून खिडकीशी गेले आणि दोन मिनिटांत लग्न लावून बाहेर आले, हॉर्न वाजवत. या गावाबद्दलचं माझं बोलणं मी तिथंच मागं घेतलं. लग्न गाडीत झालं काय नि मंडपात झालं काय, हार घालताना माणसाचे डोळे सारखेच होतात.

साडेअकराला आम्ही लाल डोंगरांच्या कुशीत होतो. ऊन पसरलेलं, वारा पडलेला, आणि माझ्या पायात नवरीचे लोकरी मोजे, वर चपला. नवरदेव बापावर गेलेला, ताडासारखा उंच. त्याला त्याच्या मित्रांनी अजून वर उचललं. नवरीकडचे ओरडले, "वाक, वाक!" नवरीनं उडी मारली, माला त्याच्या मोठ्या डोक्यावर अडकली, एका बाजूला लोंबली. दोरा तुटतो की काय! तुटला नाही. मेक्सिकोच्या बाईची गाठ होती ती. दुसऱ्या हिसक्यात माला सरळ गळ्यात बसली आणि एवढा आवाज उठला की समोरच्या डोंगरानं तो परत पाठवला.

बाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी माझी शाल, म्हणजे त्यांचीच शाल, माझ्या खांद्यावर नीट केली.

संध्याकाळी घरी आलो. ऊन गेलं, गारवा उतरायला लागला. जेवणं चालली होती. नवरीनं दोघांच्या गळ्यातल्या वरमाला काढून माझ्या ओंजळीत दिल्या. फुलं अजून ताठ होती.

"काय गं," बाईंनी मुद्दाम मागच्या दाराकडं बोट दाखवून मोठ्यानं विचारलं, "आता या कुठं ठेवायच्या? दवाला?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. व्याहीबुवांनी फोन पुढं केला, म्हणजे मी काय म्हणते ते त्यांनाही कळावं.

"फ्रीजमध्ये, बाई," मी म्हटलं. "बाहेर थंडी लागेल त्यांना."

फोनमधल्या बाईनं ते इंग्रजीत सांगितलं, आणि माझ्या बोलण्यावर त्या घरातली सगळी माणसं, दोन्ही भाषांतली, एकदम हसली.